शेंड्यावरचं सफरचंद

माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकातली जी ओळ रिकामी ठेवायची होती, ती मी भरली. भर मांडवात, माइकवर, खड्या आवाजात.

ती रिकामी ठेवायची आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. तिने सांगितलं होतं, मी मान डोलावली होती, तालमी झाल्या होत्या. विसरलो असतो तर निदान वयाच्या नावावर खपवता आलं असतं. पण मी विसरलो नव्हतो. मला फक्त राहवलं नाही.

इथे परदेशात, मॉरिसव्हिल आणि आसपासच्या गावांत मी मराठी लोकांना मंगलाष्टकं करून देतो. हौस म्हणून. लोकांचे फोन येतात, "काका, मुलाचं नाव पाच अक्षरी आहे, बसेल का हो?" मी बसवतो. दोन्हीकडचे आजी-आजोबा बसवतो, मुलीचं कॉलेज बसवतो. एका घरच्यांनी कुत्राही घालायला लावला. तो लॅब्रेडोर होता. शार्दूलविक्रीडिताची सुरुवात तीन गुरू अक्षरांनी होते, आणि लॅब्रेडोर जणू त्यासाठीच जन्माला आलेला. आजही लोक त्या ओळीची आठवण काढतात. माझ्या काव्याची एवढीच काय ती कीर्ती.

पोटासाठी मी औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासतो. दवाखान्यांकडून तक्ते येतात. एखाद्या रुग्णाचं वजन लिहायचं राहिलं, एखादी तारीख राहिली, की ती रिकामी चौकट शोधून काढायची, दवाखान्याला क्वेरी धाडायची आणि चौकट भरेपर्यंत त्यांचा पिच्छा सोडायचा नाही. हे काम मी इतकी वर्षं केलंय की आता रिकामं काही दिसलं की माझ्या हाताला खाज सुटते. बोलण्यातही तेच. लिफ्टमध्ये कुणी गप्प उभं असलं की मी हवामानावर बोलतो. ऑफिसच्या कॉलवर बॉसने "हे कोण घेणार?" असं विचारून क्षणभर वाट पाहिली, की ती शांतता मला सोसत नाही आणि मी ते काम घेऊन मोकळा होतो. एकदा एका घरी सांत्वनाला गेलो होतो. सगळे गप्प बसले होते, बसायलाच हवं होतं. मी थोडा वेळ दम काढला आणि मग विचारलं, "छप्पर बदललंत का? नवीन दिसतंय." परतीच्या वाटेवर गाडीत बायको एक शब्द बोलली नाही, तेव्हा तिथेही मीच बोललो.

अशा माणसाच्या पोटी आमची मुलगी आली, आणि तिने आयुष्यभराचं काम म्हणून काय निवडावं? रिकाम्या जागा.

कॉलेजात ती गेली डॉक्टर व्हायला. पहिल्याच वर्षी सुट्टीत घरी आली ती ग्रीक घेऊन आली. आधुनिक नाही, प्राचीन. मराठी मंडळातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "ग्रीसमध्ये जॉब मार्केट कसं आहे?" मी म्हणालो, "सुधारतंय." मला काय ठाऊक. पण ते विचारून थांबले होते, काहीतरी म्हणणं भाग होतं.

पुढे तिने पीएचडीला एक कवयित्री घेतली. तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या एका ग्रीक बेटावर अडीच हजार वर्षांच्याही आधी होऊन गेलेली. तिचं नाव मी इथे घेत नाही. घेतो तेव्हा चुकीचं घेतो, आणि मुलीने आता ते दुरुस्त करणंही सोडून दिलंय. ही बाई वाद्यावर गाणी म्हणायची, स्वतः रचायची. तिच्या गाण्यांच्या म्हणे नऊ गुंडाळ्या इजिप्तमधल्या मोठ्या ग्रंथालयात होत्या. आज त्यातली सबंध अशी एक कविता उरलीय. बाकी तुकडे. कुणा जुन्या पंडिताने एखाद्या शब्दाचा दाखला म्हणून तिची दीड ओळ उतरवून घेतली, तेवढी वाचली. इजिप्तमधल्या एका गावाबाहेरचे प्राचीन उकिरडे उपसले, त्यात पपायरसच्या चिंध्या मिळाल्या. जुने पपायरस चिकटवून मढ्यांची आवरणं करत, तर काही ओळी त्यातूनही सोडवून काढल्या.

"म्हणजे रद्दी," आमची बायको म्हणाली.

"हो आई. ऑल रद्दी," मुलगी आनंदाने म्हणाली.

त्या कवितांचं पुस्तक तिने मला दाखवलं होतं. जिथे पपायरस फाटलाय तिथे छापताना चौकोनी कंस घालतात. कंसाच्या आत काही नाही. काही पानांवर शब्द दोन आणि बाकी नुसते कंस. मला ते बघून घाम फुटला. आमच्याकडे असं पान आलं असतं तर मी इजिप्तला क्वेरी धाडली असती.

"मग हे कुणी भरून का नाही टाकत?" मी विचारलं.

"बाबा, भरलंय ना लोकांनी. दॅट्स द प्रॉब्लेम."

मग तिने सांगितलं. कविता जशा फाटक्या, तसं तिचं आयुष्यही फाटकं. भाऊ होते, बहुधा एक मुलगी होती, काही काळ दूर सिसिलीत जाऊन राहावं लागलं असं म्हणतात. बाकी काही ठाऊक नाही. ते लोकांना बघवलं नाही. मागाहून कुणी तिला एक नवरा देऊन टाकला, ज्याचं नाव-गाव म्हणजे त्या काळच्या नाटकवाल्यांचा चावट विनोदच असावा. कुणी तिला एका नावाड्याच्या प्रेमात पाडलं आणि कड्यावरून समुद्रात ढकलून दिलं. "कुणाला माहीत नव्हतं की ती कशी मेली. सो दे मेड समथिंग अप. मेन, मोस्टली."

हे शेवटचं ती माझ्याकडे बघून म्हणाली असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. आता वाटतं.

जावई निवडला तो आर्बरिस्ट. म्हणजे झाडांचा डॉक्टर, पण असा की जो पेशंटच्या डोक्यावर चढतो. कमरेला दोर, पायात काटेरी बूट, हातात करवत. बायकोने पुण्याला नातेवाइकांना फोन करून सांगितलं, "एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे." खोटं नव्हतं. मुलगा इथेच जन्मलेला, पण आईवडील नागपूरचे, सध्या दूरच्या फ्रिस्को गावात, त्यामुळे त्याचं मराठी माझ्या मुलीपेक्षा झक्क. पहिल्या भेटीत मी अंगणातल्या मेपलला कुंपणाची तार गुंडाळत होतो तर मागून येऊन म्हणतो, "काका, काय करून राहिले? त्याचा गळा आवळून राहिले न तुम्ही." मला तो तिथेच आवडला. त्याच्या आई दातांच्या डॉक्टर. तोंड उघडायला लावून माणसाला गप्प करणं हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्यासमोर मी पहिल्या दिवसापासून जरा जपूनच होतो.

लग्न ठरलं तेव्हा मुलगी एका सकाळी स्वयंपाकघरात पोहे खाता खाता म्हणाली, "बाबा, हॉल, मेनू, ड्रोन, जे पाहिजे ते करा. मला एकच गोष्ट हवी आहे. मंगलाष्टकं तू करायची. पण तिच्या गाण्यांवरून."

तिच्या कवयित्रीने लग्नाची गाणीही केली होती. मैत्रिणी मिळून म्हणायच्या आणि वरपक्षाची टर उडवायच्या. एका तुकड्यात दाराशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायांची थट्टा आहे, एवढे मोठे की त्याच्या वहाणांना बैलांची कातडी लागली. बायको म्हणाली, "अगं, हे तर आपलं विहिणीचं गाणं." दुसऱ्या एका तुकड्यात सफरचंद आहे. झाडाच्या शेंड्याला एकटंच लाल झालेलं. तोडणारे विसरले म्हणावं तर तसं नाही, त्यांचा हातच पोचला नाही. आणि पुढे काही नाही. तुकडा तिथे संपतो.

"म्हणजे ते सफरचंद नवरी असणार," मी म्हणालो.

"सगळे तेच म्हणतात. असेलही. पण नवरी, नवरा, कोणी आलं, कोणी तोडलं, ते तिथे नाहीये." ती चमचा खाली ठेवून बोलायला लागली, आणि ती चमचा खाली ठेवते तेव्हा मी ऐकतो, निदान तेव्हापुरतं. "बाबा, लग्न झालं की सगळे विचारणार, पुढे काय. घर कधी, बेबी कधी, थीसिस संपला का, जॉब कुठे. मला त्या लग्नात एक गोष्ट अशी हवी ज्याला पुढे नाहीये. ते ॲपल तिथेच राहू दे. तू तीन ओळी म्हणायच्या आणि चौथ्या ओळीच्या जागी थांबायचं. एका ओळीएवढं. मग सावधान."

"थांबायचं म्हणजे?"

"गप्प राहायचं."

बायको पोह्यांवर खोबरं घालत होती, तिचा हात मध्येच थांबला. "ह्यांनी?" ती म्हणाली.

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. गुरुजींना विचारलं. आमचे गुरुजी आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर बघतात आणि शनिवार-रविवारी लग्नं लावतात, त्यामुळे त्यांना चमत्कारिक मागण्यांची सवय आहे. "चालतं की," ते म्हणाले. "मंगलाष्टकाचे शब्द कुठे ठरलेत? मुहूर्ताच्या वेळी सावधान म्हणा म्हणजे झालं."

मग मी गप्प राहण्याचा सराव सुरू केला. ऑफिसला जाताना गाडीत तीन ओळी म्हणायच्या आणि चौथीला थांबायचं. थांबायचो, तर आपोआप बोटं स्टिअरिंगवर ताल धरायची. बोटं आवरली तर घशातून "अं" निघायचा. मुलीने फोनवर तालीम घेतली.

"बाबा, तू गुणगुणतोयस."

"नाही गं, श्वास घेतोय."

"श्वासाला चाल नसते."

मग बाथरूममध्ये सराव केला. तिथे नळाचा आवाज असतो, त्याचा आधार वाटायचा. कबूल करायला हरकत नाही, हळूहळू मला जमू लागलं होतं. चौथी ओळ आली की मी खिडकीबाहेरच्या विजेच्या खांबाकडे बघायचो आणि त्या खांबाएवढा ताठ उभा राहायचो. पण त्या शांततेत माझ्या हाताला ती जुनी खाज सुटायची. मोकळी जागा, एकोणीस अक्षरांची, मापात कापलेली, माझ्यासमोर उघडी पडलेली. आणि जावई झाडावर चढणारा. तुम्हीच सांगा.

ओळ मी रचली नाही. ती येऊन बसली. दात घासताना आली:

दोरी बांधुन कंबरेस चढला, घेई फळा तोडुनी.

फळा म्हणजे शाळेतला फळा नव्हे. वृत्तात बसवताना फळाचा फळा होतो, ही आमच्या धंद्यातली जुनी तडजोड. मी ओळ कुणाला म्हणून दाखवली नाही, कागदावरही उतरवली नाही. मनात ठेवली, बॅकअप म्हणून. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी बॅकअपशिवाय काही पुढे पाठवलेलं नाही. समजा माइक बंद पडला, समजा लोक घाबरले, तर असावी हाताशी. मी स्वतःची समजूत घातली की ओळ वापरायची नाही हे ठरलेलंच आहे, त्यामुळे ती असण्याला हरकत नाही. दारूच्या बाटलीबद्दल लोक हेच म्हणतात.

लग्न गावाबाहेरच्या एका जुन्या, छप्पर असलेल्या लाकडी खळ्यात होतं. पूर्वी तंबाखू वाळवायचे तिथे आता लग्नं लावतात. बाहेर तळं, तळ्यात बदकं. खळ्याच्या मालकीणबाईंची अट होती की तांदूळ उधळायचे नाहीत, म्हणून अक्षतांऐवजी गुलाबाच्या पाकळ्या ठेवल्या होत्या, कागदाच्या पुड्यांत, प्रत्येक खुर्चीवर एक. वरपक्षाकडून जावयाचे झाडांवर चढणारे मित्रही आले होते, दाढ्या राखलेले, सुटावर कामाचे बूट घातलेले. अंतरपाट धरला. पलीकडे जावई, अलीकडे मुलगी. मला बाजूने दोघंही दिसत होती.

पहिलं कडवं पायांवरचं. झाडवाल्या मित्रांपैकी एक दाराशी उभा होता, त्याच्या बुटांकडे बोट दाखवून मी ते म्हटलं. हशा उसळला. ज्याला मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्या बूटवाल्यानेही पाय उचलून दाखवला. माझी गाडी रुळावर आली.

दुसऱ्या कडव्यात, लोकांना सवय व्हावी म्हणून मुलीने नंतर सुचवलेली, पहिली रिकामी जागा होती, छोटी, सरावापुरती. शेवटची ओळ मध्यावरच तुटत होती. मी थांबलो.

लोकांना वाटलं कडवं संपलं. पाकळ्या उधळल्या. निम्म्यांनी सगळ्याच उधळल्या. पाकळ्या दिसल्यावर संगीतवाल्याने सनई सुरू केली. गुरुजींनी हात वर करून ती थांबवली. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, "विसरले वाटतं." दुसऱ्या म्हणाल्या, "पाणी द्या त्यांना." एका काकांनी माझ्या मदतीसाठी त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं कडवं तिसऱ्या रांगेतून म्हणायला सुरुवात केली. आणि आमच्या मंडळातले एक हृदयाचे डॉक्टर उठून उभे राहिले आणि माझ्या ओठांकडे बारकाईने पाहू लागले, एका बाजूला झुकलेत का ते बघायला.

हे सगळं मी सोसलं. ह्याचं श्रेय मला कुणी देत नाही, पण मी त्या जागी एक शब्द बोललो नाही. हाताने "सगळं ठीक आहे" अशी खूण केली आणि उरलेला अर्धा श्वास संपवून "सावधान" म्हणालो. अंतरपाटाच्या कडेवरून मुलीने माझ्याकडे पाहिलं. ती हसत होती. लहानपणी मी तिची सायकल सोडल्यावर मागे वळून हसायची तशी.

मग सफरचंद.

तीन ओळी मी चांगल्या म्हटल्या. शेंडा, लाल फळ, न पोचणारे हात. थांबलो. आणि ह्या वेळी लोकांना कळलं. उधळायला पाकळ्याही फार उरल्या नव्हत्या. संगीतवाला गुरुजींकडे बघत हात आखडून बसला होता. काकू गप्प झाल्या. छताचा पंखा फिरत होता, त्याची करकर ऐकू आली. बाहेर एक बदक ओरडलं. अंतरपाटाखाली मुलीची पावलं दिसत होती, मेंदी लावलेली, अगदी स्थिर. तिने डोळे मिटले होते. सगळं खळं, दाढीवाल्यांसकट, त्या झाडाकडे मान वर करून बघत असल्यासारखं शांत झालं होतं.

छान चाललं होतं. हेच मला सांगायचंय. माइक बंद पडला नव्हता, कुणी घाबरलं नव्हतं. सगळे ते पेलत होते. एकटा मी सोडून. जीभ टाळूला लागून सुटली, हाताची ती खाज जिभेवरच आली. इतकी माणसं, इतकी जागा, आणि ती भरायला ओळ तयार. मला वाटतं मी तोंड उघडलं ते श्वास घ्यायलाच.

दोरी बांधुन कंबरेस चढला, घेई फळा तोडुनी.

खळं दणाणलं. शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी झाडवाल्यांना भाषांतर करून सांगितलं, त्यांनी बूट आपटले. गुरुजींनी त्या गलक्यातच "शुभमंगल सावधान" उरकलं, अंतरपाट खाली आला, सनई लागली. मुलीने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही. हार उचलला आणि जावयाच्या गळ्यात घातला, तेव्हा जावई तिला हळूच काहीतरी विचारत होता, आणि तिने मान हलवली.

जेवणाच्या वेळी मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती एवढी शाबासकी मिळाली. "काका, ती शेवटची लाइन म्हणजे कमाल." "आमच्या मुलाचं मेमध्ये आहे, आत्ताच बुक करतो तुम्हाला." हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मुद्दाम पॉज घेतलात होय. टायमिंग बघा माणसाचं." मी प्रत्येकाला थँक यू म्हणत होतो आणि मुलीला शोधत होतो. ती जिलेबीच्या टेबलाशी एकटी सापडली.

"अगं, ते काय झालं माहितीये का," मी सुरू केलं.

"यू पिक्ड इट, बाबा."

"लोकांना कळलं नसतं ते. म्हणजे मला वाटलं, ते अर्धवट..."

"कळलं होतं. तुला पण कळलं होतं." ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, रुमाल देता आला असता. "इतकी मोठी पार्टी, इतके पैसे, सगळं तुमच्या मनासारखं. मी एक मागितलं होतं."

"मी गुरुजींना सांगतो, आपण पुन्हा..."

"बाबा. आत्ता प्लीज बोलू नको."

मी गप्प बसलो. बसलो म्हणजे, जिलेबी घेतली, तोंडात घातली. तोंड भरलेलं असलं की मला जमतं.

पुढचे आठवडे ती फोन करायची, नाही असं नाही. पण फोनवर गप्प बसायची. आधीही बसायची, ते वेगळं होतं, तेव्हा ती विचार करत असायची. आता ती वाट बघायची, मी कधी बोलतो ते. आणि मी बोलायचो. हवामान, गाडीचं ऑइल, मेपलची तार सोडवली ते. बोलता बोलता मला कळायचं की मी बोलतोय, तरी बोलत राहायचो. फोन ठेवल्यावर बायको म्हणायची, "ती काय म्हणाली?" मला सांगता यायचं नाही.

शेवटी मला एक उपाय सुचला. उपाय सुचणं हा माझा दुसरा आजार. लग्नाचा व्हिडिओ अजून तयार झाला नव्हता. व्हिडिओवाल्या बाईंना फोन करून मी म्हणालो, तेवढ्या ओळीपुरता माझा आवाज पूर्ण काढून टाका. पंखा ठेवा, बदक ठेवा, मी नको. त्या म्हणाल्या, "सर, पण सगळ्यांना तोच भाग आवडला." मी म्हणालो, मलाही आवडला होता, म्हणूनच. टाळ्याही काढायला सांगितल्या. ते जरा कठीण गेलं त्यांना, पण त्यांनी थोड्या आधीची पंख्याची करकर घेऊन तिथे जोडली. मुलीला मी आधी काही सांगितलं नाही. म्हटलं, तिला तिची जागा परत मिळालेली अचानक दिसू दे. व्हिडिओ आल्यावर मी डोळे मिटून फक्त ऐकला. तीन ओळी, मग पंखा, बदक, शांतता, मग सावधान. माझं काम चोख झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक भरलेली चौकट रिकामी केली होती, आणि त्याचा मला भारी अभिमान वाटत होता.

थँक्सगिव्हिंगला आम्ही सगळे फ्रिस्कोला विहीणबाईंकडे जमलो. मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. मुलगी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन, शेजारी जावई, खुर्चीत विहीणबाई, आमची बायको दाराशी हात पुसत. मी उभाच होतो, मला बसवत नव्हतं.

सफरचंद आलं. तीन ओळी. मग शांतता.

मुलगी पुढे सरकून बसली. पंखा करकरला, बदक ओरडलं. पडद्यावर अंतरपाटाखाली तिची पावलं दिसली, तशीच स्थिर. तिने जावयाचा हात धरला. "बाबा, हे तू केलंस?" ती हळूच म्हणाली, पडद्यावरची नजर न काढता, आणि मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि, विश्वास ठेवा, मिटलं.

तेवढ्यात कॅमेरा माझ्याकडे वळला.

हे मी बघितलंच नव्हतं, डोळे मिटून ऐकलं होतं ना. मोठ्या पडद्यावर मी, फेटा बांधलेला, मान ताठ, आणि त्या निखळ शांततेत माझं तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय, ओठांचा चंबू होतोय, जबडा डावीकडे जातोय, भुवया वर, एक हात दोर ओढल्यासारखा हवेत. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा. एकोणीस अक्षरं, एकही न गाळता. मागे लोक आवाज न करता टाळ्या पिटतायत.

जावयाने उशी तोंडावर धरली. बायको स्वयंपाकघरात निघून गेली. मुलगी म्हणाली, "थांबा, परत लावा," आणि ते तिला तिची पावलं बघायला हवं होतं की मला, हे मी विचारलं नाही. परत लावलं. पंखा, बदक, पावलं, मी.

विहीणबाईंनी चष्मा लावला, दाताच्या एक्स-रेकडे बघावं तसं पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"व्याही," त्या म्हणाल्या, "आवाज काढून टाकला, तरी तुमचं तोंड चालूच आहे न."